भिंतीपलीकडची नलू

मैनाबाई कोणाच्याही घरी पाणी प्यायची झाली तर आधी भांड्यात डोकावून बघते. लग्नाच्या पंगतीत ताट समोर आलं तरी ती शेजारणीने घास घेतल्याशिवाय हात लावत नाही. आमच्या आळीतल्या पोरांना याची गंमत वाटते. थोरांना कारण ठाऊक आहे, म्हणून ते हसत नाहीत.

पोयनाड सोडून खाडीच्या अंगाला वळलं की आमचं गाव लागतं. पूर्वी इथले पुरुष मिठागरावर जायचे, आता त्यांची पोरं गाड्या चालवतात. मैनाबाई या गावात चांगदेवची बायको म्हणून आली तेव्हा घर एकच होतं आणि मधोमध भिंत घातलेली होती. एका अंगाला चांगदेव, दुसऱ्या अंगाला त्याचा थोरला भाऊ शिवदास आणि त्याची बायको नलू. नलूला मूलबाळ नव्हतं. मैनाला पहिली मुलगी झाली, हिरू, आणि ती रांगायला लागल्यापासून भिंतीपलीकडेच असायची. नलू तिला न्हाऊ घालायची, भरवायची, कडेवर घेऊन मिठागरापर्यंत जायची. मैनाला तेव्हा त्याचं बरंच वाटायचं, कामं उरकायची.

हिरू तीन वर्षांची झाली आणि तिची चाल बिघडली. धड चालणारी पोर झिंगल्यासारखी झुलायला लागली. हातात वाटी दिली तर सांडायची. अंगाने आधीच किडकिडीत, त्यात फेफरं यायला लागलं. अलिबागला नेली, पण तिथून ती परत आली नाही. काय झालं होतं ते कोणी नीट सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल तर त्या वयात मैनाला कळलं नाही.

कळलं ते गावातल्या भगताचं बोलणं. तो म्हणाला, पोरीच्या पोटात जवळच्याच माणसाच्या हातून काहीतरी गेलंय. मैनाने दुसरं नाव शोधलंच नाही. दिवसकार्याला जमलेल्या माणसांसमोर ती नलूला म्हणाली, "माजी पोर तू खाल्लीस."

नलूने उत्तर दिलं नाही. ती उठून आपल्या घरात गेली. जिच्या मनात पाप नाही ती गप्प का बसेल, असं मैनाला वाटलं, आणि तिच्यापुरता निकाल तिथेच लागला.

त्यानंतर परेश झाला. त्याला तिने भिंतीपलीकडे एकदाही जाऊ दिलं नाही. शिवदास वारला, पुढे चांगदेव वारला, दोन्ही वेळा दोघी जावा एकाच ओटीवर बसल्या आणि एकमेकींशी शब्दही बोलल्या नाहीत. एवढं सगळं आयुष्य त्या दोघींनी एकमेकींचा खोकला ऐकत काढलं.

परेश आता न्हावाशेवा बंदरावर कंटेनरची गाडी चालवतो. बायको हेमाली पेणकडची, शिकलेली, स्वभावाने सरळ. त्यांची मुलगी प्राप्ती. गेल्या वर्षी ती दुसरीत होती, पण बघणाऱ्याला बालवाडीतली वाटायची. रंग पांढुरका, तोंडात सारखे फोड, किरकिर फार. आळीतल्या बायका म्हणायच्या, आईच्या अंगकाठीवर गेलीय. डॉक्टर रक्त कमी म्हणून लोहाचं औषध द्यायचे. त्याने काही फरक पडत नव्हता, पण काळजी करण्यासारखं कोणाला दिसतही नव्हतं.

एके दिवशी शाळा सुटल्यावर मैनाबाई ओटीवर बसली होती. प्राप्ती आळीतून येत होती. पाय फाकवून, हेलपाटत, हलत्या होडीत उभं राहिलेलं माणूस तोल सावरतं तशी.  ही चाल मैनाबाईने एकदा बघितली होती. तिची नजर प्राप्तीवरून थेट पलीकडच्या दाराकडे गेली. नलू उंबऱ्यात बसून सुकट निवडत होती आणि तीही पोरीकडेच बघत होती.

मैनाबाईने नातीला आत घेतलं, दार लावलं आणि त्या म्हातारीने तुला काही दिलं का, असं विचारलं. प्राप्तीने आधी नाही म्हटलं. मग आजीचा चेहरा बघून म्हणाली, "टोस्ट देते. रोज न्हाय देत."

हेमाली कामावरून आली तेव्हा सासूने तिला हे सांगितलं. हेमालीला आधी हसूच आलं. टोस्टने कोणाचा तोल जातो का, ती म्हणाली, मीपण सकाळी चहात बुडवून देतेच की. पण मैनाबाई ऐकेना. तिने पोरीच्या दंडात काळा दोरा बांधला, ओटीवर लिंबू टांगलं आणि पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात कोणाचं तरी तळपट होवो असं म्हणाली. 

प्राप्ती आता वरचेवर पडायला लागली. गुडघे, कोपर, कपाळ, सगळीकडे काळेनिळे डाग दिसायला लागले. शाळेतल्या शिवानी मॅडमनी एकदा हेमालीला थांबवून घेतलं. मुलीला घरी कोणी मारतं का, असं त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं, त्यांनी विचारायलाच हवं होतं. पण हेमाली तडक घरी आली. तिने सासूला सगळं सांगितलं. सासू म्हणेल की त्या मॅडमला काय कळतंय, अशी तिची अपेक्षा होती.  पण मैनाबाईने क्षणभर सुनेच्या हातांकडे बघितलं. हेमालीला ती नजर दिसली आणि ती तिने मनात ठेवली.

नंतर एका दुपारी प्राप्ती अंगणात खेळता खेळता ताठ झाली. डोळे वर गेले, तोंडाला फेस आला. परेश नेमका घरी होता. त्याने तिला उचलून अलिबागला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी फेफरं थांबवलं आणि लगेच मुंबईच्या मुलांच्या इस्पितळात जायला सांगितलं. मांडव्याहून बोटीने ते गेले. मैनाबाईही गेली. पोरीला नजरेआड करायला ती तयार नव्हती.

मुंबईत तपासण्यांना बरेच दिवस लागले. डोक्याचा फोटो झाला, रक्त झालं, शेवटी पोटात दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढला. मेंदूच्या आजाराला पोटात दुर्बीण कशाला, हे कोणालाच कळेना, आणि मैनाबाईचा तर डॉक्टरांवरही विश्वास उडत चालला. मग मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी तिघांना समोर बसवलं.

त्या म्हणाल्या, प्राप्तीला सिलिॲक नावाचा आजार आहे. गव्हात एक चिकट पदार्थ असतो, पीठ मळल्यावर ताणलं जातं ते त्याच्यामुळे. काहींचं शरीर त्याला शत्रू समजतं. त्याच्याशी लढताना ते आपल्याच आतड्याला इजा करतं, म्हणून अन्न अंगी लागत नाही, रक्त होत नाही, उंची वाढत नाही. आणि काही मुलांमध्ये तो मारा मेंदूवरही होतो. डोक्याच्या मागच्या बाजूला तोल सांभाळणारा भाग असतो, तो बिघडतो. फेफरंही येऊ शकतं. जुलाब न होता नुसता तोल जाणारी मुलं कमी असतात, म्हणून ओळखायला उशीर होतो.

परेशने विचारलं, की मग औषध काय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फेफऱ्याच्या गोळ्या काही काळ लागतील, पण खरं औषध एकच, गहू बंद. चपाती, पाव, बिस्किट, टोस्ट, शेवया, रवा, सगळं बंद, जन्मभर. बाजारच्या हिंगातसुद्धा गव्हाचं पीठ असतं, तेही नको. लवकर थांबवलं तर पोर पुष्कळ सुधारेल. पूर्ण की थोडी, ते आज सांगता येणार नाही.

मैनाबाईने हे सगळं ऐकलं आणि तिला ते पटलं नाही. गहू खाऊन कोणी आजारी पडतं होय? अर्धा देश गहू खातो. मोठ्या इस्पितळात कारण सापडलं नाही म्हणून काहीतरी नाव दिलं, असं तिने बोटीत परेशला सांगितलं. हेमाली कठड्याला टेकून उभी होती, तिच्या कानावर ते पडलं.

घरी आल्यावर हेमालीने स्वयंपाकघर उपसलं. गहू लोकांना वाटून टाकला, डबे उकळत्या पाण्याने धुतले, पोळपाट-लाटणं टाकून दिलं. आपल्याकडे भात आणि तांदळाची भाकरी हेच जेवण, त्यामुळे अवघड काही नव्हतं. तांदूळ ती स्वतः निवडायची, धुऊन सुकवायची, आणि पोरीला बळ यावं म्हणून सकाळ-संध्याकाळ भाकरीच करून घालायची. प्राप्तीच्या तोंडातले फोड गेले. चालणं थोडं सावरलं. पण थोडंच, आणि मग ते तिथेच अडलं. शिडीवरून उतरताना अजून ती बसून उतरायची. अक्षर काढताना हात कापायचा.

पुन्हा मुंबईला नेली तेव्हा हा आजार दाखवणारा रक्तातला आकडा उतरायला हवा तसा उतरलेला नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुठून तरी गहू जातोय. कोणी मुद्दाम देत असेल असं नाही, पण जातोय. हेमालीच्या कानात पहिलं वाक्य राहिलं, दुसरं राहिलं नाही.

घरात गव्हाचं कारण खोटं म्हणणारं माणूस एकच होतं. मैनाबाई प्राप्तीला देवीच्या देवळात नेते, तिथे शिऱ्याचा प्रसाद असतो. हेमालीने एकदा सासूच्या धुवायच्या लुगड्याच्या पदराला तुपाचा डाग बघितला, हुंगला आणि तिची खात्री पटली. खरं तर मैनाबाईने तो प्रसाद पोरीला दिला नव्हता. पटत नसलं तरी डॉक्टरांनी सांगितलेलं तिने मोडलं नव्हतं. प्रसाद टाकायचा कसा म्हणून तो पदरात बांधून तिने घरी आणला होता आणि स्वतः खाल्ला होता. पण हेमालीने विचारलं नाही, म्हणून तिने सांगितलं नाही.

त्या दिवसापासून घरातली हवा बदलली. प्राप्ती आजीजवळून आली की हेमाली तिचं तोंड उघडून हुंगायची. फ्रॉकचे खिसे उलटे करायची. आजीच्या हातचं काही खायचं नाही, असं तिने पोरीला शिकवलं, आणि पोरीने ते आजीच्याच तोंडावर सांगितलं. मैनाबाईने पुढे केलेलं केळं परत टोपलीत ठेवलं. परेश गाडीवर असायचा, त्याला यातलं फारसं कळलं नाही. जेवताना हेमाली सासूच्या हातांवरून नजर काढत नसे, आणि आपल्याकडे कोण बघतंय हे मैनाबाईला मान वर न करताही समजत होतं. ही नजर ती ओळखत होती. इतकी वर्षं तीच नजर तिने भिंतीपलीकडे लावली होती.

एका रविवारी मैनाबाई तांदळाचा डबा घेऊन गिरणीकडे निघाली आणि प्राप्ती तिचं बोट धरून निघाली. हेमालीने त्यांना जाऊ दिलं आणि काही अंतर ठेवून मागून गेली. वाटेतल्या दुकानावर म्हातारी थांबेल, काहीतरी घेईल, पोरीच्या तोंडात घालेल, आणि आज आपण तिला पकडू, असं तिने ठरवलं होतं.

मैनाबाई कुठेही थांबली नाही. रघूच्या गिरणीत तिने डबा खाली ठेवला आणि प्राप्तीला धूळ लागू नये म्हणून बाहेर झाडाखाली बसवलं. हेमाली दाराच्या आडून बघत होती. आत कोणाचा तरी गहू दळून होत आला होता. शेवटचे दाणे चक्कीत गेले, रघूने ते पीठ भरलेला डबा सरकवला, मैनाबाईच्या डब्यातला तांदूळ चालत्या चक्कीत वरून ओतला आणि तो डबा खाली लावला. कापडाच्या नळीतून पहिल्यांदा पडलं ते पीठ पांढरं नव्हतं. पिवळसर, तपकिरी झाक असलेलं, चांगलं मूठभर. त्यावर मग तांदळाचं पांढरं पीठ पडत गेलं आणि खालचं दिसेनासं झालं.

हेमाली आत गेली. तिने रघूला विचारलं, नेहमी असंच करता का. रघू साध्या मनाने म्हणाला की पहिल्या पिठात आधीचं थोडं मिसळतंच, प्रत्येकाच्या वेळी चक्की थांबवून झाडायची म्हटलं तर दिवस पुरणार नाही, आणि त्याने असं काय होतंय. हेमाली तिथेच गोणीवर बसली. जी भाकरी तिने स्वतःच्या हाताने थापली, स्वतःच्या डोळ्यांसमोर पोरीला खाऊ घातली, जास्तच खाऊ घातली, तिच्यातूनच ते जात होतं.

तिने मुंबईला फोन लावला. इतकं थोडंसुद्धा त्रास द्यायला पुरतं, असं इस्पितळातल्या आहार ठरवणाऱ्या बाईंनी सांगितलं आणि त्या हळहळल्या, की हे आम्हीच विचारायला हवं होतं. त्याच आठवड्यात परेशने घरघंटी, घरी दळायची छोटी चक्की, आणली. तिच्यात तांदूळ आणि नाचणी सोडून काही पडायचं नाही, असं ठरलं.

हेमाली सासूजवळ येऊन बसली त्याला मात्र आणखी बरेच दिवस गेले. मैनाबाई परड्यात लसणाच्या पाकळ्या सोलत होती. हेमाली म्हणाली, "आई, मी तुमच्यावर संशय घेतला."

"मना म्हाईत हाय," मैनाबाई म्हणाली. तिने हातातली पाकळी सोलून वाटीत टाकली. मग म्हणाली, "तू चार-सा म्हयने घेतलास. मी अख्खा जल्म घेतलाय."

पुढच्या खेपेला ती हट्टाने मुंबईला गेली. प्राप्तीचा आकडा या वेळी चांगला उतरला होता. हा आजार रक्ताच्या नात्यात असू शकतो म्हणून डॉक्टरांनी आईबापांचंही रक्त तपासलं होतं, आणि परेशच्या रक्तात तीच खूण निघाली होती. त्याला आयुष्यभर पोटाची कुरकुर होती, दुसरं काही नाही. सगळ्यांचं बोलून झाल्यावर मैनाबाईने डॉक्टरीणबाईंना हिरूबद्दल विचारलं. ती कशी चालायची ते तिने उठून, पाय फाकवून, चालून दाखवलं. डॉक्टरीणबाई लक्ष देऊन बघत होत्या. त्या म्हणाल्या, असू शकेल. पण दुसरंही काही असू शकेल. आता कोणालाच खात्रीने सांगता येणार नाही, आणि तुम्हीही कोणाला दोष देऊ नका.

मैनाबाईला झोप लागेना. भगताने सांगितलेलं खोटं असेल तर नलू निर्दोष होती. आणि डॉक्टर म्हणतात ते खरं असेल, तर हिरूच्या पोटात जवळच्याच माणसाच्या हातून काहीतरी गेलं होतं, हेही खरंच होतं. नलू तिला रोज चहा-टोस्ट भरवायची. दोन्ही बाजूंनी विचार केला तरी ती पलीकडच्या दारापाशीच येऊन पोहोचत होती.

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. प्राप्तीच्या आजाराचं नाव आळीत पसरल्यापासून नलूने आपलं दार लावून घ्यायला सुरुवात केली होती. पोर अंगणात दिसली की कडी वाजायची. आधी मैनाबाईला वाटलं होतं, चोराच्या मनात चांदणं. आता तसं वाटेना.

एका सकाळी ती उठली आणि भिंतीला वळसा घालून पलीकडे गेली. नलू चुलीपाशी बसली होती. म्हातारपणाने ती अगदी एवढीशी झाली होती. मैनाबाईला बघून तिने उठायचा प्रयत्न केला, पण तिला उठता आलं नाही.

मैनाबाई जमिनीवर बसली. काय बोलायचं ते तिने ठरवून आणलं होतं, पण नलूनेच आधी तोंड उघडलं. ती खालच्या आवाजात, चुलीकडे बघत म्हणाली, "मीच दिला गो हिरूला. टोस्ट. ती मागायची. मना काय म्हाईत."

म्हणजे गेले कित्येक महिने नलू दार लावून स्वतःवरच संशय घेत बसली होती. आधी सगळ्या गावाने तिला दोषी ठरवलं तेव्हा तिने मानलं नव्हतं, म्हणून ती गप्प बसू शकली. आता तिला कोणी काही म्हणत नव्हतं आणि ती मानून बसली होती.

मैनाबाईला वाटलं होतं की आपण माफी मागायची आणि परत यायचं. आता ते पुरणार नव्हतं. ती आठवायला लागली, मनापासून, एकेक वर्ष मागे जात. मग म्हणाली, "नलूबाय, हिरूच्या येलेला खाडीचा बांध फुटलेला. आठवतंय?"

नलूने मान हलवली. त्या साली खारं पाणी शेतात शिरलं होतं आणि भाताचा दाणा हाती आला नव्हता. पुढची दोन वर्षं जमीन गोडी झाली नाही. सगळं गाव रेशनवर जगलं, आणि रेशनला तेव्हा तांदूळ थोडा आणि गहूच जास्त यायचा. कोणाला चपात्या लाटता येत नव्हत्या, बायका गव्हाच्या जाड भाकऱ्या थापायच्या आणि पोरांना गुळाबरोबर द्यायच्या.

"मीच थापायचो," मैनाबाई म्हणाली. "अंगावरच्या दुधावरून तोडली ती गव्हावरच. तुजा टोस्ट एक. माज्या भाकऱ्या किती. कोनाचा हात धरायचा?"

हे तिने नलूला बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं. ते तसंच घडलं होतं, आणि बोलताना तिला स्वतःलाच पहिल्यांदा कळत होतं.  नलूने चहा टाकला. मैनाबाईने कपात डोकावून बघितलं, सवयच ती, आणि नलूनेही ते बघितलं. मग ती प्याली.

आळीतल्या लोकांना वाटलं होतं की आता दोघी गळ्यात गळे घालतील. तसं काही झालं नाही. इतक्या वर्षांत बोलायचं राहून गेलेलं एवढं साठलं होतं की दोघींनाही सुरुवात कुठून करावी कळत नाही. बहुतेक वेळा त्या आपापल्या ओटीवर बसून पावसाचं, मासळीचं बोलतात. एकदा मात्र मैनाबाई सगळ्या आळीत ऐकू जाईल असं म्हणाली, की हिरूचं नलूबायने केलं तेवढं मीसुद्धा केलं नव्हतं. दिवसकार्याला जेवढी माणसं होती तेवढी आता उरली नव्हती, पण जी होती त्यांनी ऐकलं.

प्राप्ती आता तिसरीत आहे. फेफऱ्याच्या गोळ्या कमी होत आल्या आहेत. पळताना अजून तोल जातो आणि बारीक अक्षर तिला जमत नाही. डॉक्टर म्हणतात, एवढं कदाचित राहील. शाळेतल्या वाढदिवसाचा केक कोणी दिला तर ती स्वतःच नको म्हणते. उंची मात्र भराभर वाढली.

संशय काही मैनाबाईला सोडून गेला नाही. फक्त आता तो माणसांवरून डब्यांवर आला आहे. परवा नलूने गुळाची चिक्की आणली आणि प्राप्तीच्या हातात देण्याआधी पुडी मैनाबाईपुढे धरली. मैनाबाईला वाचता येत नाही. तिने हेमालीला हाक मारली. हेमाली मागची बारीक अक्षरं वाचत असताना दोघी म्हाताऱ्या तिच्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या, आणि पोर हात पुढे करून मध्ये.